विजार, पाटलोण आणि आपली कातर

आपल्या शिंपी समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत संतचरित्रे, कुलवृत्तांत आणि गतवर्षीच्या कार्याचा आढावा नेहमीच येतो. परंतु ज्या हातांनी हा समाज उभा केला, त्या हातांच्या कामाचा इतिहास मात्र क्वचितच येतो. ही उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी, या हेतूने पुरुषांच्या एका नित्याच्या वस्त्राची, म्हणजे विजारीची अथवा पाटलोणीची, कुळकथा यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय वरवर पाहता क्षुल्लक भासेल. पण अंगाला सुखद आणि डोळ्यांना शोभिवंत अशी विजार मिळणे किती दुर्मिळ झाले आहे, हे ज्याने दुकानातील आरशासमोर एकामागून एक पाच विजारी चढविल्या आणि उतरविल्या, त्यास वेगळे सांगावयास नको.

या लेखाचे निमित्त एका लग्नसमारंभात घडले. आमच्या नात्यातील एक गृहस्थ, ज्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या शिवणकामावर जगल्या, पण जे स्वतः नोकरी करून निवृत्त झाले, ते एका मोठ्या दुकानातून घेतलेली तयार विजार घालून आले होते. उभे असता ती त्यांस उत्तम दिसत होती. पंगत जमिनीवर होती. ते मांडी घालून बसले मात्र, आणि विजारीची मागची शिवण कमरेपासून खालपर्यंत उसवली. मंडळी हसली, तेही हसले. पण त्यांचे वडीलबंधू, ज्यांनी चाळीस वर्षे शिवणयंत्र चालविले, ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती विजार उलटी करून आम्हांस दाखविली. शिवणीच्या आत पाव इंचाचीही माया सोडलेली नव्हती. "दोष कापडाचा नाही आणि याच्या पोटाचाही नाही," ते म्हणाले, "ही विजार उभ्या माणसासाठी कापली आहे. माणूस बसतो, हे कापणाऱ्याच्या ध्यानातच आलेले नाही." विजारीचा सारा इतिहास या उद्गारांत सामावला आहे, असे पुढे शोध घेता आम्हांस आढळून आले.

कारण विजार हे वस्त्र मुळी बसण्याकरिताच जन्मास आले, आणि तेही घोड्यावर बसण्याकरिता. चीनच्या वायव्येस तुर्फान प्रांतात यांगहाय येथे जुनी थडगी सापडली. त्यांतील लोकरी विजारी इसवी सनापूर्वी तेराव्या ते दहाव्या शतकातील, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या असून, आजवर ज्ञात असलेल्या विजारींत त्या सर्वांत जुन्या मानल्या जातात. विद्वानांनी त्यांचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यांची रचना आपल्या लोकांनी अवश्य ध्यानात घ्यावी अशी आहे. दोन पायांचे दोन पट्टे, आणि त्या दोहोंमध्ये जोडलेला, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांचा एक रुंद तुकडा, असे तिचे तीन भाग होते. कापड कापून आकार दिलेला नव्हता. मागावर विणतानाच प्रत्येक तुकड्यास हवा तो आकार दिला होता. मधल्या तुकड्यामुळे स्वारास घोड्यावर मांड ठोकताना कोठेही ताण पडत नसे. सारांश, ज्या कोणा अज्ञात कारागिराने प्रथम विजार केली, त्याने पायांचा विचार नंतर केला असावा आणि बैठकीचा आधी.

आपल्या देशात मात्र सर्वसाधारण पुरुषाचे वस्त्र धोतर हेच होते. धोतरास माप नाही, शिवण नाही आणि फाटण्याची भीतीही फारशी नाही. नेसणारा रोज नव्याने ते आपल्या देहास बसवून घेतो. पोट वाढले तर निऱ्या कमी होतात, इतकेच. कासोटा मारून माणूस शेतात राबू शकतो, झाडावर चढू शकतो आणि पंगतीस मांडी घालून बसूही शकतो. तेव्हा शिवलेल्या वस्त्राला धोतराची जागा घ्यावयाची, तर निदान धोतराइतके सुख देणे त्यास भाग होते. ही कसोटी सोपी नव्हती, आणि ती आपल्या पूर्वजांपुढे शतकानुशतके उभी होती.

शिवलेली वस्त्रे परक्यांनीच येथे प्रथम आणली, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. अमरकोशात शिंप्यासाठी तुन्नवाय आणि सौचिक असे दोन शब्द आले आहेत. ज्या देशात शिंप्याला दोन नावे होती, तेथे सुई नव्हती असे कसे म्हणावे? तथापि विजारीचा प्रसार अश्वारोही जमातींबरोबर वाढला, हे मान्य करावे लागते. मथुरेजवळ सापडलेला कनिष्काचा शिरविहीन पुतळा लांब डगला आणि जाड बूट अशा घोडेस्वारी वेषात आहे. पुढे समुद्रगुप्तासारखा सम्राटही आपल्या सुवर्णनाण्यांवर डगला व विजार ल्यालेला दिसतो. मुसलमानी राजवटींच्या काळात फारसी भाषेबरोबर तिची वस्त्रेही दक्षिणेत आली. आपल्या भाषेतील शब्दच याची साक्ष देतात. इजार या शब्दाची आपण विजार केली, शलवारीची सुरवार केली. तुमान आणि पायजमा हेही त्याच वाटेने आले. पायजमा म्हणजे फारसीत केवळ पायांचे वस्त्र. यांखेरीज गुडघ्यापर्यंतचा चोळणा होता आणि घरी घालावयाचा ढगळ लेंगा होता. एकाच वस्त्राला इतकी नावे असणे, हे ते शिवणाऱ्या हातांच्या कौशल्याचेच द्योतक होय.

या जुन्या विजारीची कापणी कशी होती? सरळ कापडाचे दोन पाय, बाजूस तिरप्या कळ्या, आणि दोन पाय जेथे मिळतात तेथे एक चौकोनी तुकडा. कमरेस नेफा आणि नाडी. यांगहायच्या कारागिराने जे साधले, तेच आपल्या शिंप्यानेही साधले होते, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते. कापड वाया जात नसे, बसताना ताण पडत नसे, आणि नाडीमुळे एकच विजार बारीक व स्थूल अशा दोघांसही चालत असे. उणीव एकच, की देहाचा आकार तीत दिसत नसे. सुख पुरेपूर, पण रेखीवपणा कमी.

युरोपात हा प्रवास उलट दिशेने झाला. रोमन लोक विजारीस रानटी लोकांचा वेष समजत. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोम नगरात ती घालण्यास कायद्याने बंदी होती. पण थंडी आणि घोडा यांपुढे कायद्याचे काय चालणार? पुढे तेथील सरदार गुडघ्यापर्यंतची तंग विजार घालू लागले आणि लांब विजार कष्टकऱ्यांची ठरली. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीत हीच कष्टकऱ्यांची लांब विजार क्रांतिकारकांची खूण झाली. आपल्याकडे रूढ झालेला पाटलोण हा शब्द इंग्रजी पँटलूनवरून आला आणि तो मूळचा इटालियन नाटकांतील पांतालोने नावाच्या विनोदी म्हाताऱ्याचा! लांब विजार घालणारे हे पात्र आपले नाव साऱ्या जगाच्या पायांत घालून गेले.

एकोणिसाव्या शतकात या वस्त्राने शास्त्राचे रूप घेतले. तोवर शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची वा चामड्याची पट्टी घेऊन तिच्यावर खुणा करी. आता इंचांची मापपट्टी आली आणि शरीर आकड्यांत मांडता येऊ लागले. त्यापाठोपाठ शिवणयंत्र आले. त्याची हकीकत आपल्या लोकांनी विसरू नये. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिये हा स्वतः शिंपी. १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि सैनिकांचे गणवेष शिवण्यासाठी कारखाना काढला; पण पोटावर पाय येईल या भयाने इतर शिंप्यांनीच तो मोडून टाकला. यंत्र काही थांबले नाही. अमेरिकेत १८४६ साली एलियस हाउ याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपापली पेटंटे घेतली, आणि त्या शतकाच्या अखेरीस सिंगर यंत्र आपल्या देशातही दिसू लागले. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास उषा यंत्रे निघू लागली आणि किती तरी मराठी ओसऱ्यांवर त्यांचा आवाज घुमू लागला.

यंत्राबरोबर इंग्रजी पाटलोणही आली. मुंबईच्या पारशी मंडळींनी ती लवकर उचलली. आपल्या कारकून, वकील, शिक्षक मंडळींनी मात्र बराच काळ वर कोट आणि खाली धोतर असा समझोता केला. न्यायमूर्ती रानडे अथवा लोकमान्य टिळक यांची छायाचित्रे पाहिली म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्त्राने माणसाची शोभाच नव्हे, तर प्रतिष्ठाही बोलते, हे १९३१ च्या गोलमेज परिषदेने जगास दाखविले. त्या एकाच परिषदेत महात्मा गांधी पंचा नेसून बसले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तम शिवलेल्या सुटात बसले. एकाने दरिद्री जनतेशी एकरूप होण्यासाठी शिवलेले वस्त्र सोडले, तर ज्यांस चांगले वस्त्र ल्यावयाचीही मनाई होती, त्यांच्या वतीने दुसऱ्याने ते धारण केले. दोहोंचाही अर्थ जगाला कळला. मापात बसणारे वस्त्र ही केवळ चैन नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. इंग्रजी पाटलोण खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची होती, आणि आपला गिऱ्हाईक कचेरीत खुर्चीवर, पण घरी पाटावर बसणारा होता. हा गुंता सोडविला तो आपल्या आजोबा-पणजोबांनी. आमच्या लहानपणी आजोबांच्या दुकानात आम्ही जे पाहिले, ते आज शिवणशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहता तंतोतंत बरोबर ठरते. गिऱ्हाईक आला की ते प्रथम त्यास बसावयास सांगत आणि त्याची बसण्याची तऱ्हा पाहत. मग कमरेपासून टाचेपर्यंत बाहेरची लांबी आणि मांडीच्या मुळापासून टाचेपर्यंत आतली लांबी घेत. या दोहोंतील अंतर म्हणजेच बैठकीची उंची; ती चुकली की बाकी सर्व मापे बरोबर असूनही विजार बिघडते. ती कमी पडली तर बसताना काचते, जास्त झाली तर कापड पायांमध्ये लोंबते आणि पाऊल टाकताना ओढ बसते.

दुसरी गोष्ट मागच्या भागाची. माणूस बसला की पुढे कापड गोळा होते आणि मागे ते अपुरे पडते. म्हणून मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच व रुंद कापावी लागते आणि मधली शिवण तिरपी घ्यावी लागते. नितंबांच्या मापावर दोन-तीन इंच ढिलाई, कमरेखाली दोन चुण्या, आणि मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, एवढे केले की तीच पाटलोण मांडी घालणाऱ्यासही सुखाची होई. ही माया पुढे कामास येई. लग्नात शिवलेली पाटलोण पहिल्या मुलाच्या बारशास उसवून सैल करून घ्यावयाची, ही घरोघरची रीत होती. शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला आपल्या भाषेने माया हा शब्द दिला, यात आपल्या धंद्याचे सारे शील आले आहे, असे आम्हांस वाटते.

तिसरी गोष्ट कापडाची. सुती कापड पाण्यातून काढून वाळविल्याखेरीज आजोबा त्यास कातर लावीत नसत. उभा धागा पायाच्या मधोमध सरळ उतरला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. धागा तिरका गेला तर विजारीचा पाय चार धुण्यांत पिळवटतो. गज आणि तसू जाऊन इंच आले. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान मापे आली आणि कापड मीटरने मिळू लागले. पण आपल्या गळ्यातील पट्टीवर अद्यापही इंचच वाचले जातात.

भारतीय बैठकीचे हे ज्ञान केवळ येथेच राहिले नाही. जोधपूरचे सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवास विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या पोलो खेळणाऱ्या मंडळींची मांडीस सैल आणि गुडघ्याखाली घट्ट अशी विजार इंग्रजांच्या नजरेत भरली. पुढे इंग्रज घोडेस्वारांनी तीच पत्करली आणि जोधपूर या नावानेच ती ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या व्यापारात गेले आणि कष्टकऱ्यांच्या विजारीस त्यांच्या भाषेत डंगरी हे नाव मिळाले. आज आपली मुले जी जीन्स हौसेने घालतात, तिच्यामागेही एक शिंपीच आहे. अमेरिकेतील रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याच्या पत्नीने न फाटणारी विजार मागितली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या खिळी ठोकल्या. पेटंटाचा खर्च पेलेना, म्हणून त्याने कापडाचे व्यापारी लीव्हाय स्ट्रॉस यांस भागीदारीत घेतले आणि २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. जगाला नाव व्यापाऱ्याचे ठाऊक झाले. शिंप्याचे विसरले गेले. यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

तयार कपड्यांचे युगही सैन्यातूनच आले. अमेरिकेच्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लाखो सैनिकांचे गणवेष शिवण्यासाठी मापांचे ठरावीक गट पाडण्यात आले, आणि शांततेच्या काळात तेच गट बाजारात आले. आपल्याकडे ही लाट उशिरा पोहोचली. १९६० नंतर टेरिलीन आणि टेरिकॉट आले; इस्तरीची घडी मोडेना, म्हणून लोक हरखले. त्या दशकात नळीसारख्या तंग पाटलोणी आणि पुढच्या दशकात घोट्याशी घंटेसारख्या पसरणाऱ्या बेलबॉटम आपल्याच लोकांनी रात्री जागून शिवल्या. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर मात्र तयार विजारींचा पूर लोटला. १९५८ साली अमेरिकेत शोधलेला ताणला जाणारा इलास्टेन धागा आता सर्रास कापडात मिसळला जातो. त्याने सुख होते, हे खरे. पण पुष्कळदा कापणीतील चूक झाकण्याचे कामही तोच करतो, आणि तो धागा थकला की चूक उघडी पडते. दुकानांतील मापांचे आकडे बहुशः परदेशी देहांवरून आलेले. आता निफ्ट या राष्ट्रीय संस्थेने मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांवर भारतीयांची मापे त्रिमिती यंत्रांनी घेण्याचे कार्य हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट होय. आपले वाडवडील जे पट्टीने व नजरेने करीत होते, तेच हे कार्य आहे.

येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. गिऱ्हाईक आपल्यापासून दुरावला, तो केवळ तयार मालाच्या स्वस्ताईने नव्हे. दिवाळीस देऊ म्हणून सांगितलेली पाटलोण तुळशीच्या लग्नास मिळाली, असा अनुभव ज्यास आला नाही असा गृहस्थ विरळा. सोनार-शिंप्यांची संगत नको, असे बजावणारी म्हण लोकांनी उगीच रचली नाही. उरलेल्या कापडाचा हिशेब आपल्यातील काहींनी सरळ ठेवला नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. याहून मोठी चूक ही, की शिकलेल्या मुलांस आपण हा धंदा सांगण्याचीच लाज वाटू दिली. मुले अन्य क्षेत्रांत चमकली, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु पंगतीत ज्यांची विजार उसवली, त्यांच्या घरात तीन पिढ्यांचे ज्ञान असताना एकही विजार शिवून घेतली गेली नव्हती, हे शल्य त्यांच्या वडीलबंधूंच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

तयार विजार घेऊच नये, असा आमचा हट्ट नाही. पण घेताना शिंप्याच्या डोळ्याने पाहावे. आरशासमोर उभे न राहता आधी बसावे, वाकावे आणि शक्य तर उकिडवे बसून पाहावे. बसल्यावर मागची कड कमरेवरून खाली सरकली, तर बैठक अपुरी समजावी. पुढे आडव्या रेघा ताणल्या गेल्या, तर नितंबांस कापड कमी आहे. खिशांची तोंडे उघडी पडली, तर तेच कारण. विजार उलटी करून मागच्या शिवणीतील माया पाहावी. पायाची शिवण गुडघ्यावर वळत असेल, तर धागा तिरका गेला असे जाणावे. कमरेचे माप जमत नसेल, पण बैठक जमत असेल, तर ती विजार घ्यावी. कारण कंबर दुरुस्त करता येते, बैठक नाही. आणि ती दुरुस्त करण्यासाठी आपल्या गल्लीतील शिंप्याकडेच जावे.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर जुन्या मापांच्या वह्या धूळ खात पडल्या असतील. त्या रद्दीत घालू नयेत. एखाद्या गावातील चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांची अंगे, त्यांच्या सवयी आणि त्यांची सुखे त्या पानांत नोंदलेली आहेत. ज्यांच्या घरी वृद्ध कारागीर हयात आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून कापणीचे नियम लिहून घ्यावेत, आणि ते पुढील अंकासाठी आपल्या मंडळाकडे पाठवावेत. संत नामदेवमहाराजांनी मनाला गजाची आणि जिव्हेला कातरीची उपमा दिली. आपल्या धंद्याची हत्यारे त्यांस भक्तीसही अपुरी वाटली नाहीत. त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहेबातही आदराने स्थान पावली. मग ती हत्यारे आपणांस का कमी वाटावीत? ज्या गृहस्थांची विजार उसवली, त्यांच्यासाठी वडीलबंधूंनी आठवड्याच्या आत नवी विजार शिवली. पुढच्या कार्यात ते पंगतीत निर्धास्त बसले, आणि त्यांचा नातू त्या वेळी विचारीत होता, की आजोबा, अशी मलाही कोण शिवून देईल? या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने द्यावयाचे आहे.